जुलाबाची गोळी आणि निर्ढावलेले जंतू



एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा-सून दहिसरला चाळीत राहतात. पावसाळ्यात दोन वर्षांच्या नातवाला जुलाब सुरू झाले. सूनबाईंनी दुकानातून गेल्या वर्षीचेच औषध आणले, पण या खेपेस उतार पडला नाही. "औषध तेच, पोर तेच, मग गुण का नाही?" असे त्या विचारतात. मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण या प्रश्नाचा निम्मा भाग आपल्या शेतात आणि गोठ्यात आहे, म्हणून लिहितो.

गेल्या वर्षी आलेला गुण बहुधा औषधाचा नव्हताच. लहान मुलांचे पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात. त्यांवर प्रतिजैविकाचा काडीइतकाही उपयोग नाही. जुलाब आपोआप थांबतात, श्रेय गोळीला जाते. मात्र गोळी पोटात आपले काम करतेच. तिथल्या कोट्यवधी निरुपद्रवी जंतूंपैकी कमजोर मरतात, दणकट उरतात. एकच औषध वारंवार फवारले की बोंडअळी कशी दाद देत नाही, ते कपाशीवाल्यांना सांगायला नको. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीलाही जुमानले नाही. जंतूंचे त्याहून वाईट आहे. अळी आपला गुण पिलांना देते. जंतू तो शेजारच्या परक्या जातीच्या जंतूलाही देतो. आज पोटातला गरीब जंतू जे शिकला, ते उद्या रक्ती हगवणीचा किंवा मुदतीच्या तापाचा जंतू त्याच्याकडून उचलतो.

मुदतीच्या तापावर पूर्वी क्लोरॅम्फेनिकॉल हे रामबाण औषध होते. १९७२ साली केरळात कालिकतला ते चालेनासे झाले. १९९० च्या सुमारास देशात अनेक ठिकाणी जुनी औषधे एकदम निकामी ठरली. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले, तेही बोथट झाले. २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात असा जंतू पसरला की पोटातून घ्यायचे, भरवशाचे एकच औषध हाती उरले. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना या तापाची लस टोचली, ती उगीच नव्हे. आपल्या नातवंडांसाठी या लसीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

आता गोठ्याकडे वळू. दहिसर नदी तुळशी तलावाकडून राष्ट्रीय उद्यानातून उतरते. वस्तीत शिरली की गटारांचे पाणी आणि तबेल्यांचे शेण तिला मिळते. औषध दिलेल्या जनावराच्या शेणातही निर्ढावलेले जंतू असतात. गावचा ओढा काही वेगळा नाही. म्हशीची कास सुजली की आपण उरलेली ट्यूब स्वतःच भरतो आणि दुसऱ्या दिवशी दूध डेअरीला घालतो. (याबद्दल मी सभांतून बोललो की मंडळी हसतात.) औषधाच्या वेष्टनावर जितके दिवस दूध वापरू नये असे लिहिले असेल, तितके दिवस ते विकू नये, घरात घेऊ नये, वासरालाही पाजू नये. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जाणारे कोलिस्टिन सरकारने जुलै २०१९ मध्ये बंद केले, कारण माणसासाठी राखून ठेवलेल्या शेवटच्या औषधांपैकी ते एक आहे.

तर भगिनींनो, सूनबाईंना कळवा: पाण्यासारखे जुलाब असतील तर पहिले औषध क्षार-साखरेचे पाणी. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना हेच पाजले आणि मृत्यूचे प्रमाण शंभरी तीसवरून चारांच्या आत आले. पाकीट त्यावर लिहिले असेल तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात कालवावे, चमच्या-चमच्याने पाजत राहावे. अंगावरचे दूध व जेवण बंद करू नये. जस्ताची गोळी डॉक्टर सांगतील त्या मात्रेत चौदा दिवस द्यावी, जुलाब थांबले तरीही. शौचात रक्त दिसले, ताप उतरेना, मूल पाणीही घेईना, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली, तर दुकान नव्हे, दवाखाना गाठावा. तिथे प्रतिजैविक लिहून दिले तर ते सांगितले तितके दिवस पुरे द्यावे आणि उरलेली बाटली शेजारच्या पोराला देऊ नये.