बपेऱ्यात 'आयटी जॉब' शोधला की शून्य का दिसतं?

आमचं बपेरा तुमसर तालुक्याच्या टोकाला, अगदी सीमेवर. पलीकडे मध्य प्रदेश. जॉब ॲपमध्ये लोकेशन ऑन ठेवलं की कधी काहीच येत नाही, कधी थेट बालाघाटच्या जाहिराती येतात. यावरून 'आपल्याकडे स्कोपच नाही' असं ठरवू नका. ॲप नोकरीची जागा ऑफिसच्या पत्त्यावरून ठरवतं. आपल्यासाठी तो पत्ता म्हणजे नागपूरचं मिहान. टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस तिथेच आहेत. म्हणून शोधताना गावाचं नाही, नागपूरचं नाव टाका.

आता मुख्य प्रश्न, भरती आहे का? २०२१-२२ मध्ये कंपन्यांनी धडाधड फ्रेशर घेतले. मग परदेशी ग्राहकांनी खर्चाला कात्री लावली. २०२३-२४ या एका वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची कर्मचारीसंख्या मिळून जवळपास ६४ हजारांनी घटली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आणखी सुमारे १२ हजार जण कमी करणार असं सांगितलं, त्यात बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतले.

पण हे आकडे वाचताना गंमत लक्षात घ्या. संख्या घटली म्हणजे भरती बंद झाली असं नसतं. सोडून गेलेले जास्त आणि नवे घेतलेले कमी, एवढाच त्याचा अर्थ. दार उघडंच आहे, फक्त अरुंद झालंय. आणि नुसती डिग्री दाखवून आत घेण्याचे दिवस सरले, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे स्वतः तपासता येतं. नागपूर, अनुभव ०-१ वर्ष, मागचे सात दिवस असा फिल्टर लावा आणि वीस जाहिराती सावकाश वाचा. कोणतं कौशल्य किती वेळा मागितलंय ते वहीत मांडा. एकच जाहिरात चार कन्सल्टन्सींनी टाकलेली असते, ती एकदाच मोजा. तसंच वर 'फ्रेशर' आणि खाली 'दोन वर्षांचा अनुभव हवा' असंही सापडेल. ती सोडून द्या.

गणित घेऊन बारावी झालेल्यांसाठी एचसीएलचा टेकबी आहे, २०१७ पासून. काम करता करता डिग्री घेता येते. मात्र शुल्क आणि करार घरच्यांसोबत बसून वाचा. डिप्लोमा किंवा डिग्रीवाल्यांनी केंद्र सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवावं. तिथे स्टायपेंड मिळतो, आपल्याला पैसे भरावे लागत नाहीत.

हे सांगायचं कारण म्हणजे धान विकून आलेला पैसा पुण्यातल्या '१०० टक्के जॉब गॅरंटी' कोर्सला भरायची तयारी इथे बऱ्याच घरांत चाललेली असते. भरण्याआधी क्लासवाल्याला एवढंच विचारा, मागच्या बॅचमधले किती लागले, कुठे लागले, आणि त्यातल्या दोघांशी फोनवर बोलता येईल का? आणि ऑफर लेटरसाठी कोणी 'सिक्युरिटी डिपॉझिट' मागितलं, तर तिथेच नंबर ब्लॉक करा.