घरच्या गोष्टी : थेंबभर दूध



मागच्या खेपेस आम्ही बिरड्यांबद्दल लिहिलं, तर कितीतरी जणींचे फोन आले. वाल किती वेळ भिजवायचे, मोड किती यायला हवेत, सगळी चौकशी झाली. या खेपेचा विषय स्वयंपाकघरातला नाही, पण आहे पोटाचाच. आणि तो जरा नाजूक आहे. पुरुषवाचकांनी पान उलटू नये. त्यांच्याही कामाचं पुढे आहे.

आमची थोरली नात पहिलटकरीण आहे. आठवा महिना चालू आहे. शुक्रवारी दुपारी ती आली तेव्हा आम्ही डिंक तळत होतो. बाळंतिणीचे लाडू आधीपासून करून ठेवले म्हणजे बरं, शेवटी धावपळ नको. नात शेजारी स्टुलावर बसली, खोबरं किसता किसता हळूच म्हणाली, "आजी, लाडू मी खाईन. पण बाळाला अंगावर पाजायचं म्हटलं की मला नकोसं वाटतं. पाजणार आहे मी, बाळासाठी. पण मनच तयार होत नाही."

आम्ही काय म्हणालो असू? जे सगळ्या आज्या म्हणतात तेच. "अगं, आईला कधी असं वाटतं का! बाळ पोटाशी आलं की सगळं आपोआप होतं." नातीने मान डोलावली, किसणी धुऊन ठेवली आणि विषय बदलला. पुढे शबाथचं जेवण झालं, ती घरी गेली.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. कारण आम्ही नातीशी खोटं बोललो होतो.

आमची थोरली मुलगी १९७१ साली झाली. आम्हाला या देशात येऊन तीन वर्षं झाली होती. घर लोदला. आई अलिबागला, तिचं पत्र यायला पंधरा दिवस. इस्पितळात तेव्हा बाळं वेगळ्या खोलीत ठेवत आणि चार-चार तासांनी आईकडे आणून देत. आणलं की ती झोपलेली असे, आणि परत नेलं की भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज येई. तो आमच्याच मुलीचा, हे आम्हाला पक्कं ठाऊक असे. तिसऱ्या दिवशी छाती दाटून दगडासारखी झाली, ताप आला. बाळ तोंड लावी आणि सोडून देई. तिथली एक परिचारिका पुन्हा पुन्हा एकच शब्द बोलायची, "अत्सलानीत." पुढे उलपानमध्ये त्याचा अर्थ कळला, आळशी. ती मुलीला म्हणायची की आम्हाला, हे आजतागायत कळलेलं नाही.

घरी आल्यावर बोंडांना चिरा पडल्या होत्या. बाळ जागं झालं की आमच्या पोटात गोळा यायचा. अकराव्या दिवशी आमच्या ह्यांनी बाटली आणली. मुलगी गटागटा प्याली आणि झोपली. शेजारपाजारच्यांना आम्ही सांगितलं, "दूध आटलं." आईलाही तेच लिहिलं. खरं म्हणजे दूध आटलं नव्हतं. आम्हालाच ते सोसवत नव्हतं, आणि बाटली तोंडात गेल्यावर हायसं वाटलं होतं. पन्नास वर्षं आम्ही "दूध आटलं" हेच सांगत आलो.

रविवारी सकाळी नातीला फोन करून हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी, हे तू शुक्रवारीच का नाही सांगितलंस?" आणि मग म्हणाली, "मंगळवारी तिपत हलावमध्ये जायचंय. माझ्याबरोबर ये." हा लेखही तिला विचारूनच लिहितो आहोत. ती म्हणाली, "लिही. माझ्यासारख्या आणखी असतील."

तिपत हलाव म्हणजे थेंबभर दूध. छोट्या दोस्तांनो, तुम्ही सगळे तिथे लस टोचून घ्यायला गेला आहात, पण हे नाव कुठून आलं माहीत आहे का? १९२० च्या दशकात यरुशलेममध्ये हदासा संस्थेच्या बर्था लँड्समन या परिचारिकेने आई-बाळांसाठी केंद्र चालवलं. तिथे आयांना अंगावर पाजायला शिकवत. आणि ज्या बाळांना आईचं दूध मिळत नसे त्यांच्यासाठी निर्जंतुक केलेलं दूध बाटल्यांत भरून गाढवावरून घरोघर पोचवत. म्हणजे पाजणारी आई आणि बाटलीवरचं बाळ, दोघांचीही सोय एकाच दारात होती. हे आधी कळलं असतं तर आमचं ओझं थोडं हलकं झालं असतं.

मंगळवारी तिथल्या बाईंनी नातीचं सगळं ऐकून घेतलं. "असं वाटतं का" असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "नेमकं काय नको वाटतं?" तेव्हा तीन गोष्टी निघाल्या. एक, दुखेल ही भीती. दोन, दिवसरात्र कुणीतरी अंगाला चिकटलेलं असणार, याचा आत्तापासूनच वैताग. आणि तीन, कामावर परत जायचं आहे, तेव्हा कसं होणार. नकोसेपणाचे असे तुकडे केले की प्रत्येकावर काही ना काही उपाय निघतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

दुखण्याबद्दल बाई म्हणाल्या, पहिले काही दिवस हुळहुळतं. पण दुखतच राहिलं, चिरा पडल्या, तर बाळ नीट लागलेलं नाही असं समजावं. बाळाचं पोट आईच्या पोटाला, हनुवटी छातीला, तोंड मोठं उघडलेलं, आणि तोंडात नुसतं बोंड नाही तर भोवतालचा काळसर भागही. नाहीतर स्वच्छ बोट तोंडाच्या कडेने घालून सोडवावं आणि पुन्हा लावावं. आम्हाला हे १९७१ साली कुणीच दाखवलं नव्हतं.

बाळाला जन्मल्यावर पहिल्या तासातच उघड्या अंगावर, छातीशी ठेवायचं. आता बाळ आईजवळच ठेवता येतं. चार-चार तासांचा हिशेब नाही. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा बाळ मागतं. मान वळवतं, मूठ तोंडात घालतं, तेव्हाच घ्यायचं. रडणं ही शेवटची खूण. भरपूर दूध दोन ते चार दिवसांनी उतरतं, तोवर जाडसर पिवळट दूध थोडं थोडं येतं, तेवढं त्या बाळाला पुरतं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले झाले, आणि सुरवातीला घटलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून आलं, म्हणजे दूध पुरतंय.

चिकटण्याच्या वैतागावर बाईंचं उत्तर आम्हाला फार आवडलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आणि पुढे इतर खाण्याबरोबर दोन वर्षं किंवा जास्त. "पण तू आज दोन वर्षांचा विचार करू नकोस. पहिला तास कर. मग पहिला दिवस. मग पहिला आठवडा. दर आठवड्याला पुन्हा ठरव." शिवाय दूध काढून ठेवता येतं. घरात चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. बसवलं की बाबाही पाजू शकतो. नातजावई शेजारीच होता, त्याने लगेच फोनमध्ये लिहून घेतलं. पूर्णवेळ काम करणाऱ्या आईला बाळंतपणाची रजा संपल्यापासून चार महिने रोज एक तासाची पगारी सवलत कायद्याने मिळते, हेही बाईंनी सांगितलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी मुद्दाम सांगितली. काही जणींना पान्हा फुटताना क्षणभर एकदम उदास वाटतं, मग ते जातं. तो आईच्या मायेचा दोष नाही, अंगातलीच एक गोष्ट आहे. पण उदासी दिवसभर राहिली, झोप उडाली, बाळाकडे बघवेनासं झालं, तर लपवायचं नाही, लगेच येऊन सांगायचं. आणि सगळं करूनही जमलं नाही, तर डब्याचं दूध आहे. ते डब्यावर लिहिलंय त्याच मापाने करायचं, पातळ करायचं नाही.

आता आम्ही आज्या-पणज्यांनी काय करायचं? आपल्याकडे कोकणात पहिलं दूध पिळून टाकत आणि बाळाला मध चाटवत. गाईच्या चिकाचा खरवस आपण वेलची घालून आवडीने खातो, आणि आईचा चीक मात्र टाकून द्यायचा! हे चूकच होतं. तो चीक म्हणजे बाळाची पहिली लसच. आणि मध एक वर्षापर्यंत थेंबभरही नाही. त्याने लहान बाळांना घातक आजार होऊ शकतो. गुटी उगाळणंही पुरे. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी खुशाल करावी. बाळंतिणीला भूक लागते आणि कुणीतरी आपल्यासाठी केलं याचं सुख असतं. पण दूध येतं ते बाळाच्या लुचण्याने. लाडूने येतं असं सांगून तिच्यावर भार टाकू नये. आणि "तुझं दूध पुरतंय ना?" हा प्रश्न कुणी विचारू नये. आम्हाला तो रोज विचारत.

छोट्या दोस्तांनो, घरात बाळ येणार असेल तर तुमचंही काम आहे. आई पाजायला बसली की तिला तहान लागते. तिच्या हाताशी पाण्याचा पेला नेऊन ठेवा. आणि एक कोडं. तोरामध्ये अशी कोणती आई आहे, जिला स्वतःच्याच बाळाला पाजायचा पगार मिळाला? (उत्तर : मोशेची आई योखेबेद. फारोच्या मुलीला माहीतच नव्हतं की ही दाई म्हणजेच आई!)

आमच्या मुलीलाही, म्हणजे त्या १९७१ च्या बाळाला, आम्ही परवा सगळं सांगितलं. आता ती स्वतः आजी होणार आहे. म्हटलं, रागावेल. ती म्हणाली, "आई, एवढंच ना? मी तर धडधाकट आहे. तू इतकी वर्षं एकटीच का जपलंस हे?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

इस्पितळात न्यायची पिशवी दाराशी तयार आहे. लाडवांचा डबा वेगळा. परवा नातीला विचारलं, "मन तयार झालं का?" म्हणाली, "नाही झालं. पण आता भीती कमी आहे. पहिला तास करीन. तू बाहेर बस." आम्ही बसणार आहोत. पाजलं तरी बसणार, नाही पाजलं तरी बसणार.

पुढच्या अंकात पणतू की पणती ते कळवतोच. तोवर शालोम.