खुर्ची विकता येते, मोकळी जागा नाही

जपानी वळणाची एखादी दुर्मीळ जुनी खुर्ची विक्रीला निघाली की लाकूड, उंची, साल आणि अंदाजे किंमत अशी सारी माहिती मिळते. ती कोणत्या भिंतीपुढे उभी होती, हे मात्र क्वचितच कुणी विचारतो. माझ्या मते निम्मी खुर्ची त्या भिंतीपाशीच राहून जाते.

मुळात ‘जपानी खुर्ची’ हा शब्दप्रयोगच गमतीचा. आपण जसे पाटावर आणि बैठकीवर बसलो, तसा जपानी माणूस पिढ्यान्‌पिढ्या गवती चटईवर बसला. मग खुर्चीत जपान शिरला कोठून? युरोपातून! १८५० च्या दशकात जपानची बंदरे परदेशी व्यापाराला खुली झाली, १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात जपानी वस्तू मांडल्या गेल्या आणि तिकडच्या कारागिरांची नजरच बदलली.

ग्लासगोचा वास्तुशिल्पी चार्ल्स रेनी मॅकिंटॉश (जन्म १८६८) जपानला कधी गेला नाही. त्याने जपानी चित्रे पाहिली आणि त्यांतला रिकामेपणा उचलला. हेलेन्सबर्गच्या ‘हिल हाउस’साठी १९०४ च्या सुमारास त्याने केलेली शिडीसारख्या पाठीची खुर्ची पाहा. काळी, सडपातळ, सुमारे १४० सेंटिमीटर उंच. बसायला फारशी सोयीची नाहीच. पण ती पांढऱ्याशुभ्र शयनगृहात उभी राहिली की आडव्या पट्ट्यांमधून भिंत दिसू लागते. अशा मोकळ्या अंतराला जपानी भाषेत ‘मा’ म्हणतात. खुर्चीतला जपान तो, लाकूड नव्हे.

बँकेच्या नोकरीत तारण पाहताना आम्ही एकच प्रश्न विचारायचो : आज विकले तर काय येईल? मॅकिंटॉश १९२८ मध्ये गेला, त्याची पत्नी मार्गारेट १९३३ मध्ये. त्यांच्या मागे राहिलेल्या चित्रांची आणि खुर्च्यांची सगळी मिळून किंमत ठरली अवघी ८८ पौंड आणि काही शिलिंग. आज त्याच्या फर्निचरला लिलावात लाखो पौंड पडतात. १९३३ चा मूल्यमापक खोटे बोलला नव्हता. त्याने त्या दिवसाचा भाव लिहिला. आजचा आकडाही आजचा भावच आहे. त्यावरून वस्तूचे मोल कळत नाही, गिऱ्हाइकाची हौस कळते.

अशा वस्तू विकूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. पुष्कळ जुन्या वस्तू कुणीतरी पैसे मोजले म्हणूनच सरपणातून वाचल्या. पण जिथे मूळ खोली शाबूत आहे, तिथून खुर्ची हलवू नये. हलवणे भागच असेल, तर त्या खोलीची छायाचित्रे, मापे आणि नोंदी खुर्चीबरोबरच द्याव्यात. जमिनीच्या व्यवहारात आपण चतुःसीमा लिहितोच ना? तशी खुर्चीचीही लिहावी.

आणि विकत घेणाऱ्याने तिच्याभोवती चार हात जागा रिकामी सोडावी. तेवढी ऐपत नसेल, तर लाखो मोजून त्याने घरी आणलेले असते ते केवळ एक गैरसोयीचे आसन.