तक्रारपेटीची किल्ली

एखाद्या विद्यार्थ्याने मोबाइलवर शाळेबद्दल चार ओळी लिहिल्या की आपल्या वसई-विरारमधली मोठी माणसं लगेच म्हणतात, ‘‘पोरांना काय कळतं? शाळेची बदनामी करतात. आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?’’

ज्यांचं बिघडलं, ते हे सांगायला येत नाहीत. नोव्हेंबर 2025 मध्ये वसई पूर्वेला सहावीतली एक मुलगी शाळेत उशिरा पोचली. शिक्षा म्हणून तिला 100 उठाबशा काढायला लावल्या, असा घरच्यांचा आरोप. काही दिवसांत ती गेली. शिक्षिकेला अटक झाली. मृत्यूचं कारण न्यायालय ठरवील. पण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं. ते वर्गात पाळलं जातं का, हे रोज कोण पाहतं? बाकांवर बसलेली मुलंच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शाळेच्या बाबतीत विद्यार्थी हा पहिला साक्षीदार. स्वच्छतागृहाची कडी कधीपासून तुटली आहे, त्यापायी कोणती मुलगी दिवसभर पाणी पीत नाही, कोणत्या तासाआधी कोणाच्या पोटात दुखतं, हे तासाभरासाठी आलेल्या अधिकाऱ्याला दिसत नाही. मूल कधी वाढवून सांगेल, चुकेलही. मग तपासा. मोठ्यांचं म्हणणंही आपण तपासूनच घेतो. त्यांना गप्प बसवत नाही.

राहिला बदनामीचा मुद्दा. शाळेत कोणी ऐकत नाही म्हणून मूल मोबाइलकडे वळतं. तक्रारपेटी शासनाने सक्तीची केली आहे. मी एका शाळेत पाहिलेली पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी टांगलेली होती, खाली शिपायाचं स्टूल. कुलूप गंजलेलं. चिठ्ठी टाकणारा हात सगळ्यांना दिसणार, मग टाकणार कोण? आणि तीच रिकामी पेटी दाखवून ‘आमच्याकडे तक्रार नाही’ म्हणायचं, याची मला चीड येते.

सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य आईवडील किंवा पालक असतात. त्या पालकांना माझी विनंती आहे: पुढच्या सभेत पेटी त्या दाराजवळून हलवा, किल्ली आपल्याकडे घ्या, आणि आलेल्या चिठ्ठ्यांचं काय केलं ते, नाव न फोडता, मुलांना वर्गात जाऊन सांगा.