एकाच वहीत सगळं



नवा लेखक भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'तुमचा विषय कोणता?' एक विषय सांगितला की विचारणाऱ्याचं समाधान होतं. दोन सांगितले की तो जरा थबकतो. तीन सांगितले की 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण त्याच्या तोंडावर येऊन थांबते. आमचं या म्हणीशी भांडण आहे आणि यंदाचा अंक त्या भांडणापायीच काढला आहे. अंकातल्या प्रत्येक लेखकाकडून आम्ही दोन लेख मागवले. पहिला, ज्या विषयासाठी वाचक त्यांना ओळखतात त्यावर. दुसरा, ज्याचं त्यांना वेड आहे पण ज्यावर लिहा असं त्यांना कुणीच सांगत नाही त्यावर. दोन्ही लेख लागोपाठ छापले आहेत. एकाच माणसाची ही दोन कामं एकमेकांना काय देतात, ते वाचकांनी स्वतः पडताळून पाहावं.

मराठीला ही गोष्ट परकी नाही. आपल्या नियतकालिकांची सुरुवातच अनेक विषयांनी झाली. 'दर्पण' या वृत्तपत्रानंतर बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' हे मासिक काढलं, त्यात भूगोल, इतिहास आणि पदार्थविज्ञान एकत्र नांदत होते. पुढे याच बाळशास्त्रींनी ज्ञानेश्वरीची शिळाप्रत छापून घेतली. लोकहितवादींनी १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' साप्ताहिकातून जी पत्रं लिहिली, त्यांत धर्म आहे, शेती-व्यापार आहे, स्त्रियांची स्थिती आहे, राज्यकारभार आहे. १८६७ साली सुरू झालेलं 'विविधज्ञानविस्तार' हे नावाप्रमाणेच अनेक विषयांचं मासिक सत्तर वर्षं चाललं. आणि १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कथा, कविता, प्रवास, विनोद, वैचारिक लेख असं सगळं एका मुखपृष्ठाखाली वाचायची सवय मराठी घरांना लागली. अंकाच्या बाबतीत हे वैविध्य आपण हौसेनं स्वीकारतो, पैसे मोजून घरी आणतो. माणसाच्या बाबतीत मात्र ते आपल्याला खटकतं.

एकट्या माणसानं असा अनेक विषयांचा संसार थाटला तर काय होतं, याचं मराठीतलं ठळक उदाहरण म्हणजे 'निबंधमाला'. जानेवारी १८७४ मध्ये तिचा पहिला अंक निघाला तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकर तेवीस वर्षांचे होते, सरकारी शाळेत शिक्षक होते. मालेचे ८४ अंक निघाले आणि त्यांतला जवळजवळ सगळा मजकूर त्यांनी एकट्यानं लिहिला. मराठी भाषेची सद्यःस्थिती, इतिहास, वक्तृत्व, लोकभ्रम, इंग्रज साहित्यिक डॉक्टर जॉन्सन, गर्व, संपत्तीचा उपभोग, विद्वत्त्व आणि कवित्व. यांतले कुठलेही दोन विषय उचलले तर त्यांचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटावं. पण माला सलग वाचली की संबंध कळतो. ज्या समाजाला आपल्या भाषेची लाज वाटू लागली आहे, त्याला ताठ उभं करायचं, ही एकच तळमळ या सगळ्यामागे आहे. हीच तळमळ पुढे १८८० साली न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि १८८१ साली 'केसरी'च्या स्थापनेत उतरली. त्यानंतर सव्वा वर्षाच्या आतच, १८८२ च्या मार्चमध्ये, चिपळूणकर गेले. वय एकतीस.

एकहाती उद्योगातला धोकाही निबंधमालेतच दिसतो. जोतीराव फुल्यांच्या लेखनावर लिहिताना चिपळूणकरांनी त्यांच्या व्याकरणावर बोट ठेवलं आणि जातिव्यवस्थेबद्दल फुल्यांनी विचारलेल्या प्रश्नाकडे पाठ फिरवली. ज्याच्या हाती लेखणीही आहे आणि अंकही आहे, त्याला 'थांबा, हे पुन्हा वाचा' असं म्हणणारं शेजारी कुणी नसतं. त्यामुळे विषय कितीही घ्यावेत, पण प्रत्येक विषयात आपल्याला अडवू शकेल असा एक तरी जाणकार माणूस जोडावा. अनेक विषयांत रमणाऱ्यानं पाळायचं हे पहिलं पथ्य.

दुसरं पथ्य दामोदर धर्मानंद कोसंबींकडून घ्यावं. गोव्यातल्या कोसबेन गावी १९०७ साली जन्मलेला हा माणूस पेशानं गणिती. फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केलं. आनुवंशशास्त्रात जनुकांमधली अंतरं मोजण्याचं त्यांचं १९४४ सालचं सूत्र आजही त्यांच्याच नावानं वापरलं जातं. त्यांना संख्याशास्त्राची पद्धत खऱ्या सामग्रीवर चालवून पाहायची होती. त्यासाठी त्यांनी निवडली तक्षशिलेची चांदीची आहत, म्हणजे ठसे ठोकून घडवलेली, नाणी.

त्यांनी काय केलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. नाणं टाकसाळीतून बाहेर पडतं तेव्हा त्याचं वजन जवळपास ठरलेलं असतं. मग ते हातोहात फिरतं, घासलं जातं, कणाकणानं झिजतं. सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, कारण सगळी सारखी फिरत नाहीत. म्हणून एखादा गट जितका जास्त काळ चलनात राहिला असेल, तितकं त्याचं सरासरी वजन घटलेलं असणार आणि नाण्यानाण्यातली तफावत वाढलेली असणार. कोसंबींनी एकेक नाणं नाजूक तराजूवर तोललं. हिशेब बरोबर येतो की नाही हे पाहण्यासाठी आपल्या काळातली रोजच्या व्यवहारातली नाणीही तोलली. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक ठसे असतात. हे ठसे जसे वाढत जातात तसं वजन घटत जातं, असं त्यांना आढळलं. म्हणजे नाणं चलनात असताना अधूनमधून कुणीतरी ते तपासून त्यावर खूण करत होतं. शिलालेख नाही, बखर नाही, तरी केवळ झिजेवरून नाण्यांचा आगेमागे क्रम लागू लागला.

मग प्रश्न आला, ही नाणी पाडणारे कोण होते? त्यासाठी जुनी साधनं वाचणं आलं, साधनांसाठी संस्कृत आलं. त्या संस्कृताच्या अभ्यासातून त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली काढली. संहिता तपासताना पुढचा प्रश्न पडला, असं काव्य कुठल्या समाजात जन्मतं? आणि समाज शोधायला ते पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवू लागले. अश्मयुगातल्या माणसानं वापरलेली गारगोटीची इवलीशी हत्यारं त्यांनी तिथे वेचली. पंढरीच्या वारीच्या वाटेवर त्यांना अशीच हत्यारं मिळाली, तेव्हा ही वाट वारकऱ्यांच्याही फार आधीची, ऋतूंप्रमाणे स्थलांतर करणाऱ्या माणसांची असावी, असा विचार त्यांनी मांडला. त्यांच्या काही निष्कर्षांवर पुढच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले, घ्यायलाच हवेत. पण गणितापासून गारगोटीपर्यंतच्या या प्रवासात उडी कुठेच नाही. आधीच्या कामानं जो प्रश्न विचारला, त्याच्या मागोमाग ते गेले, आणि प्रत्येक ठिकाणी त्या विषयाचे कष्ट स्वतः उपसले. नाण्यांवर लिहायचं तर तराजू हाती घ्यायचा आणि इतिहासावर लिहायचं तर पायताण झिजवायचं, हे ते दुसरं पथ्य.

दुर्गाबाई भागवतांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. लोकसाहित्याचा अभ्यास त्यांनी आदिवासी भागांत हिंडून केला आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत बसून केला. १९५६ चं 'ऋतुचक्र', १९६२ चं 'व्यासपर्व', १९७० चं 'पैस', थोरोच्या 'वॉल्डन'चा मराठी अनुवाद, पाककलेवरचं 'खमंग' हे सगळं एकाच बाईनं लिहिलंय. 'ऋतुचक्रा'त त्या महिन्यामहिन्याची झाडंपानं सांगतात तेव्हा तिथे वनस्पतीची जाणकारी असते, लोकांच्या तोंडची नावं असतात, संस्कृत काव्यातले संदर्भ असतात आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला रंग असतो. यांतला एक जरी धागा वेगळ्या पुस्तकात ठेवला असता तरी 'ऋतुचक्र' झालं नसतं. अनिल अवचटांच्या बाबतीत तर हात आणि लेखणी वेगळी काढताच येत नाही. लाकूडकोरीव काम, ओरिगामी, बासरी, चित्रं यांत रमलेला हा डॉक्टर हमालांवर, तंबाखू आणि विडी कामगारांवर लिहायचा, तेव्हा वाचकाला कामगाराचे हात दिसायचे. हातानं काम करणाऱ्या माणसाकडे त्यांची नजर आपसूक वळे, कारण ते स्वतः हातानं काम करत.

ही सगळी मोठी माणसं, असं कुणी म्हणेल. म्हणून या अंकातल्या एका लेखाविषयी मुद्दाम सांगतो. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका प्राथमिक शिक्षिकेनं आपल्या वह्या आमच्याकडे पाठवल्या. एकाच वहीत रोजची तिथी, भरतीची वेळ, बाजारातला बोंबलाचा आणि जवळ्याचा भाव, परसातल्या झाडांना मोहोर कधी आला आणि वर्गात किती मुलं गैरहजर होती, अशा नोंदी. वरवर पाहता गोंधळच. पण त्यांच्या गावात मासेमारी होते ती मुख्यतः डोल जाळ्यानं. डोल म्हणजे पाण्यात एका जागी बांधून ठेवलेलं पिशवीसारखं लांबलचक जाळं. ते ओढत न्यायचं नसतं. पाण्याच्या वेगानं मासळी आपण होऊन त्यात शिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ असते, डोली भरून येतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मंदावतं, होड्या किनाऱ्याला राहतात. त्यामुळे बाजारभाव तिथीबरोबर वरखाली होतो, हे त्यांच्या वहीत आरशासारखं दिसतं.

बाई तिथे थांबल्या नाहीत. गैरहजेरीचा रकाना त्यांनी तिथीशी ताडून पाहिला. उधाणाच्या दिवसांत वर्ग रिकामा, कारण मुलं आईबरोबर मासळी निवडायला आणि वाळत घालायला जातात. भांगाच्या दिवसांत वर्ग भरलेला. मग त्यांनी घटक चाचण्या अष्टमीच्या सुमाराला ठेवायला सुरुवात केली. मुलं आळशी आहेत, पालकांना शिक्षणाची किंमत नाही, असा शेरा मारून मोकळं होणं सोपं होतं. तो शेरा मारला गेला नाही, कारण हजेरीपट आणि समुद्र एकाच वहीत होते. केवळ शिक्षणतज्ज्ञाला भांग ठाऊक नसतो आणि केवळ मत्स्यतज्ज्ञाला हजेरीपट. आमच्या म्हणण्याचा सगळा अर्थ या एका वहीत आहे. आवडीचे विषय वेगवेगळ्या कप्प्यांत बंद करू नयेत, ते एका नावाखाली, एका ठिकाणी, एकमेकांच्या दृष्टीसमोर राहू द्यावेत. त्यांची गाठ कुठे पडेल हे आधी सांगता येत नाही, पण शेजारी असल्याशिवाय ती पडत नाही.

विशेषज्ञाचं मोल आम्ही जाणतो. हृदयाची शस्त्रक्रिया हौशी माणसाकडून कुणी करून घेणार नाही, आणि एकाच विषयाला आयुष्य वाहिलेल्या अभ्यासकांमुळेच आपल्याला भरवशाचे कोश आणि ग्रंथ मिळाले आहेत. आमचा आग्रह त्या बाकीच्यांसाठी आहे, ज्यांना लहानपणापासून 'एकावर लक्ष दे' असं सांगून त्यांची निम्मी उत्सुकता मोडून टाकली जाते. आता तर हातातला फोनही तेच शिकवतो. काल जे पाहिलं त्याच जातीचं आज पुढ्यात येतं, आणि लिहिणाऱ्यालाही कळून चुकतं की कालच्यासारखंच लिहिलं तर वाचक टिकतात. स्वयंपाकावर लिहिणारीनं गणितावर लिहिलं तर ते कुणापर्यंत पोचतच नाही. अशा वेळी दिवाळी अंकाचं काम अधिकच मोलाचं होतं. इथे पान उलटलं की पुढे काय येईल हे वाचकाच्या कालच्या आवडीवरून ठरत नाही.

यंदाच्या अंकात एक न्यायवैद्यक तज्ज्ञ लावणीच्या चालींवर लिहिताहेत, एक कवयित्री भूजलावर, एक कापूस उत्पादक शेतकरी बुद्धिबळाच्या डावातल्या शेवटच्या टप्प्यावर. काही लेख आम्ही तीन-तीनदा परत पाठवले, कारण आवड होती पण तराजू हाती घेतलेला नव्हता. लेखकांनी न रागावता पुन्हा मेहनत केली. 

वाचकांना एक विनंती. अंक वाचून झाला की पत्र लिहाच, आणि पत्रात आपले दोन विषय कळवा. एक, ज्यावर आपलं पोट चालतं तो, आणि दुसरा, ज्यासाठी आपण झोप मोडता तो. दोन्हींच्या नोंदी एकाच वहीत ठेवायला या पाडव्यापासून सुरुवात करा. पुढच्या वर्षीच्या अंकाची काही पानं आम्ही वाचकांच्या अशा वह्यांसाठी आत्ताच राखून ठेवली आहेत.



– संपादक