पगार दुप्पट झाला, वर्ग तसाच राहिला!

शिक्षकाचे वेतन वाढविले की शिक्षण आपोआप सुधारते, ही शासनकर्त्यांची आवडती समजूत. इंडोनेशियाने तिची किंमत राष्ट्रीय तिजोरीतून मोजली आहे. 2005च्या शिक्षकविषयक कायद्याने प्रमाणित शिक्षकास मूळ वेतनाएवढा भत्ता दिला. कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शासकीय शाळांतील त्याचे फलित दिसले. शिक्षक अधिक समाधानी झाले, त्यांची जोडकामे घटली. विद्यार्थ्यांचे अध्ययन मात्र तसूभरही सुधारले नाही!

तेथील मदरशांनी यातून बोध घ्यावयास हवा. हे मदरसे केवळ धर्मपाठशाळा नव्हेत. मुक्ती अली धर्ममंत्री असताना, 1975 साली, तीन मंत्र्यांच्या संयुक्त निर्णयाने त्यांत 70 टक्के सामान्य विषय आले. 2003च्या कायद्याने ते राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेचे अंग झाले. अभ्यासक्रम आला, दर्जा आला, भत्ताही आला. मग उणीव कशाची? उणीव आहे ती मुख्याध्यापकाच्या नेतृत्वाची.

तेथील बहुसंख्य मदरसे खासगी प्रतिष्ठानांचे आहेत आणि मुख्याध्यापकाची नेमणूकही तीच करतात. संस्थापकाच्या घराण्याशी असलेले नाते हीच जेथे पात्रता ठरते, तेथे मुख्याध्यापक वर्गाकडे पाहील की मालकाच्या मर्जीकडे? धर्ममंत्रालयाच्या 2017च्या नियमाने व्यवस्थापनाबरोबरच शिक्षकांचे पर्यवेक्षण हेही त्याचे कर्तव्य ठरविले. परंतु पर्यवेक्षण म्हणजे हजेरीपटावर स्वाक्षरी नव्हे! वर्गात मागच्या बाकावर बसून पाठ ऐकणे, चूक एकांतात सांगणे, चांगले काम चारचौघांत गौरविणे, तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या शिक्षकाची बाजू प्रतिष्ठानापुढे निर्भयपणे मांडणे, हे खरे नेतृत्व.

हबीबी यांच्या पुढाकाराने 1996 साली सेरपोंग व गोरोंतालो येथे 'इन्सान चेंदेकिया' उभ्या राहिल्या. आज त्या शासकीय मदरसे असून गुणवत्तेसाठी नावाजल्या जातात. तेथे निवडक विद्यार्थी येतात, हा आक्षेप रास्त आहे. पण म्हणूनच, जेथे सामान्य घरचे मूल येते तेथे समर्थ मुख्याध्यापकाची गरज अधिक नाही काय?

धर्माच्या नावाने शाळा काढणाऱ्यावर दुहेरी उत्तरदायित्व येते. पालक तेथे मूल पाठवितो तो श्रद्धेपोटी. त्या श्रद्धेच्या आड अकार्यक्षमता लपविणे हा धर्माशीही द्रोह आहे आणि मुलाशीही. म्हणून मुख्याध्यापक नेमताना नाते नव्हे, कर्तृत्व पाहा!