पीकरक्षणाची बंदूक: कायदा, कॅलिबर आणि शेतकरी

रानडुक्कर आणि नीलगाय यांच्या उपद्रवाने देशाच्या अनेक भागांतील शेतकरी त्रस्त आहेत. विदर्भात रोही म्हणून ओळखली जाणारी नीलगाय असो वा कोकण आणि केरळमधील रानडुकरांचे कळप असोत, हाताशी आलेले पीक एका रात्रीत भुईसपाट होते. अशा प्राण्यांना मारण्याची परवानगी द्यावी की नाही, यावर वर्षानुवर्षे चर्चा होत आली आहे. परवानगी मिळाल्यानंतर ती कोणत्या शस्त्राने अमलात आणायची, या प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार देशात हौसेखातर शिकार करण्यास बंदी आहे. तथापि, मानवी जीवितास किंवा उभ्या पिकास धोका निर्माण झाल्यास कलम ११ अन्वये ठराविक प्राण्यांना मारण्याची परवानगी देता येते. कलम ६२ अन्वये केंद्र सरकार विशिष्ट क्षेत्रात व विशिष्ट मुदतीसाठी एखादी प्रजाती उपद्रवी घोषित करू शकते. बिहारमध्ये अशा घोषणेनंतर जून २०१६ मध्ये मोकामा परिसरात सुमारे अडीचशे नीलगायी मारण्यात आल्या आणि त्यावरून केंद्रीय मंत्रिमंडळातील मतभेद चव्हाट्यावर आले. केरळ सरकारने २०२२ मध्ये वेगळा मार्ग स्वीकारला. रानडुकरे मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना देण्यात आले आणि हे काम परवानाधारक बंदूकधाऱ्यांवर सोपवण्यात आले. विष, स्फोटके व विजेचा प्रवाह यांचा वापर निषिद्ध ठरवण्यात आला.

येथेच शस्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी प्रामुख्याने ठासणीच्या बंदुकीचा विचार केलेला आहे. ती अपुरी असल्याची परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची अन्य बंदूक देता येते. रायफलसाठी मात्र अर्जदाराला सबळ कारण दाखवावे लागते. कोकणातील अनेक शेतकरी कुटुंबांकडे पिढीजात ठासणीची बंदूक आहे, ती या तरतुदीमुळेच. परंतु या बंदुकीतून एकदाच बार काढता येतो. पहिला नेम चुकला किंवा प्राणी जखमी झाला, तर ती पुन्हा ठासेपर्यंत जनावर झाडीत नाहीसे होते. जखमी रानडुक्कर माणसावर उलटते, हा अनुभव खेडोपाडी सर्वांना आहे.

बारा बोरची बंदूक त्याहून उपयुक्त ठरते. मोठ्या छऱ्यांचे काडतूस तीस ते चाळीस मीटरपर्यंत परिणामकारक असते आणि एकच जड गोळी असलेले काडतूस सुमारे पन्नास मीटरपर्यंत भरवशाचे मानले जाते. दाट झाडी, बागायती आणि जवळची वस्ती असलेल्या भागात हा मर्यादित पल्लाच सुरक्षिततेच्या दृष्टीने फायद्याचा आहे.

मोकळ्या माळरानावरील परिस्थिती निराळी आहे. पूर्ण वाढलेल्या नर नीलगायीचे वजन दोनशे किलोहून अधिक असू शकते आणि ती माणसाला सहसा शंभर मीटरच्या आत येऊ देत नाही. अशा ठिकाणी नळीत आटे असलेली रायफलच उपयोगी पडते. भारतात सर्वसामान्य परवानाधारकाच्या आवाक्यात असलेली रायफल म्हणजे .३१५ बोरची. पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्याने ती दीर्घकाळ तयार केली. तिचे काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील आठ मिलिमीटरच्या जुन्या काडतुसावर आधारलेले आहे. जड, मऊ टोकाची आणि तुलनेने मंद गतीची ही गोळी शंभर मीटरच्या आसपास रानडुकरासाठी पुरेशी ठरते. त्याहून लांब पल्ल्यासाठी .३०-०६ हे काडतूस अधिक वेगवान व सरळ मार्गाचे असले, तरी त्याचा झटका जोरदार असतो आणि काडतुसेही महाग पडतात. .२२ बोरची रायफल नेमबाजीच्या सरावासाठी ठीक असली, तरी मोठ्या जनावरावर तिचा वापर केल्यास ते केवळ जखमी होते.

लष्करात वापरली गेलेली .३०३ बोरची रायफल मात्र सामान्य नागरिकाला मिळत नाही, कारण ती प्रतिबंधित बोरमध्ये मोडते. तिच्याहून शक्तिशाली असलेले .३०-०६ हे काडतूस अप्रतिबंधित आहे. यावरून असे दिसते की, ही वर्गवारी काडतुसाच्या ताकदीवर आधारलेली नाही. सरकारी दारूगोळा खासगी हातांत जाऊ नये, ही ब्रिटिश काळापासूनची चिंता तिच्या मुळाशी आहे. शेतीच्या गरजांचा विचार या वर्गवारीत कधी झालाच नाही.

रायफलमुळे निर्माण होणारा धोकाही दुर्लक्षित करता येत नाही. नेम चुकल्यास तिची गोळी दोन किलोमीटरहून अधिक अंतर कापू शकते. रात्रीच्या अंधारात, शेतात राखणीला माणसे असताना सपाटीवरून केलेला गोळीबार जीवघेणा ठरू शकतो. उंच मचाणावरून खालच्या दिशेने नेम धरल्यास चुकलेली गोळी मातीत रुतते. त्यामुळे कॅलिबरच्या निवडीइतकेच महत्त्व गोळी झाडण्याच्या जागेला आणि झाडणाऱ्याच्या प्रशिक्षणाला आहे.

शस्त्रांची संख्या वाढवणे हा यावरचा उपाय नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली गेली आणि त्यामागील सुरक्षेचा हेतू समजण्याजोगा आहे. दुसरीकडे, निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि तो काळ पिकाच्या हंगामात आला, तर शेत उघडे पडते. सरसकट जमा करण्याऐवजी प्रत्येक प्रकरणाची छाननी व्हावी, ही शेतकऱ्यांची मागणी रास्त आहे.

झाडीच्या प्रदेशात बारा बोर, मोकळ्या रानात .३१५ बोरची रायफल आणि दोन्हीकडे प्रशिक्षित व उत्तरदायी नेमबाज, अशी भूप्रदेशानुसार व्यवस्था उभी करणे अशक्य नाही. तसे न झाल्यास मारण्याची परवानगी कागदावरच राहील. मग हताश शेतकरी कुंपणात वीज सोडण्याचा मार्ग पत्करतो. त्या तारेला रानडुकराबरोबर वाघ, बिबट्या आणि कित्येकदा शेजारचा शेतकरीही बळी पडतो.